ऐकून होतील तेवढ्याच प्रती

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातून एका तरुण संगीतकाराने प्रश्न विचारला आहे. त्यांनी लॅपटॉपवर सात इलेक्ट्रॉनिक रचना तयार केल्या आहेत. सर्व रचना संथ व सुरेल असून एकीतही ताल नाही आणि एकूण वेळ चव्वेचाळीस मिनिटे आहे. दोन रचनांमध्ये रात्रपाळीच्या विजेवर कपाशीला पाणी देताना टिपलेले शेतातले आवाज आहेत आणि एकीत शेजारच्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. हे संगीत मर्यादित आवृत्ती म्हणून काढावे अशी त्यांची इच्छा आहे. काही मित्र तीनशे रेकॉर्ड छापायला सांगतात, काही शंभर कॅसेट सुचवतात. नागपुरातून त्यांनी तीन हेडचा (टेपवर स्वर उतरवणारे आणि वाचणारे भाग म्हणजे हेड) एक जुना कॅसेट डेकही मिळवला आहे. माध्यम कोणते घ्यावे, प्रती किती काढाव्यात, किंमत काय ठेवावी आणि तेच संगीत इंटरनेटवर ठेवले तर आवृत्ती मर्यादित राहते का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी हिंगणघाटजवळच्या माझ्या गावी गेली बावीस वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो. भजनी मंडळांची मुद्रणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि त्याच्या जोडीने अशा शांत संगीताच्या सहा छोट्या कॅसेट आवृत्त्या मी स्वतःच्या हाताने काढल्या आहेत. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: कॅसेट काढा, पन्नासच काढा आणि डिसेंबरमध्ये पाठवा. पन्नास हा आकडा मी बाजाराकडे पाहून सांगत नाही. पाठवण्यापूर्वी प्रत्येक प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या कानाने ऐकणे तुम्हाला किती वेळा जमेल, या हिशोबातून तो आला आहे. शांत संगीताच्या बाबतीत मर्यादेला माझ्या मते हे एकच प्रामाणिक कारण आहे.

आपल्या भागात असले संगीत कोण ऐकणार, अशी शंका तुमच्या पत्रात एका ठिकाणी डोकावली आहे, म्हणून थोडे मागे जातो. ऐकणाऱ्याला स्वतःकडे न ओढणारे, खोलीतल्या उजेडासारखे पसरून राहणारे संगीत ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८-७९ च्या सुमारास विमानतळासाठी म्हणून प्रसिद्ध केले आणि ‘अँबियंट’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. आपल्या देशात त्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर (विजेवर स्वर घडवणारे वाद्य) बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता, आणि तिथल्या १९६९ ते १९७२ या काळातल्या टेप २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. खेड्यापाड्यांत मात्र हा स्वर वेगळ्या वाटेने आला. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, आणि पुढे ती छोटी पेटी आमच्याकडच्या भजनी मंडळांपर्यंतही पोहोचली. खंजिरी आणि टाळ थांबल्यावर ती पेटी बंद करायची राहून जाते, देवळात कोणी बोलत नाही आणि षड्ज-पंचम तेवढे वाजत राहतात. ते पाच मिनिटांचे ऐकणे मी शेकडो वेळा पाहिले आहे. तुमचे संगीत इथल्या कानाला परके वाटेल असे मला अजिबात वाटत नाही.

आता माध्यमाकडे वळतो. व्हिनाइल रेकॉर्डविषयी मला आदर आहे, पण तुमच्या कामासाठी मी ती सुचवणार नाही. रेकॉर्ड छापताना आधी लॅकरच्या तबकडीवर खोबण कापतात, तिच्यावर निकेलचा थर चढवून धातूचे साचे काढतात आणि मगच छपाई सुरू होते. या पहिल्या टप्प्यांचा खर्च प्रती शंभर असोत वा पाचशे असोत, तेवढाच येतो. त्यामुळे प्रती कमी केल्या की दर प्रतीची किंमत झपाट्याने वाढते, आणि ती किंमत भागवण्यासाठी माणूस गरजेपेक्षा जास्त प्रती छापून बसतो. दुसरी अडचण संगीताची स्वतःची आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते आणि आत मध्यापाशी तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो, म्हणून बाजूच्या शेवटी तार स्वर मळकट होतात. शांत रचनेची खोबण अरुंद असते आणि एका बाजूवर जास्त मिनिटे बसतात हे खरे, परंतु तेवढ्याच प्रमाणात धुळीची करकर संगीताच्या जवळ येते. आणि आमच्याकडे कापूस वेचणीपासून उन्हाळ्यापर्यंत धूळ किती असते, ते तुम्हाला सांगायला नको.

कॅसेटचेही दोष आहेत, पण त्यांतले बहुतेक तुमच्या हातात राहतात. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने ही कॅसेट आणली ती श्रुतलेखनासारख्या बोलण्याच्या कामाचा विचार करून. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाबतींत काटकसर. साध्या फेरिक टेपवर संगीत आणि सरसर यांच्यात साधारण पन्नास डेसिबलचे अंतर मिळते. जोरकस गाण्यात ती सरसर झाकून जाते, पण तुमच्या रचनांमध्ये ती सतत ऐकू येईल, आणि म्हणून कॅसेटसाठी मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात ते मूळ मुद्रण, वेगळा करावा लागेल.

तुम्ही पाठवलेली तिसरी रचना उदाहरणादाखल घेतो. तिचा शेवट पन्नास सेकंदांत हळूहळू विरतो आणि हेडफोनवर तो फार सुंदर वाटतो. टेपवर मात्र पस्तिसाव्या सेकंदाच्या आसपास स्वर सरसरीखाली जाईल आणि उरलेली पंधरा सेकंदे ऐकणारा नुसती सरसर ऐकत बसेल. कॅसेटच्या मास्टरमध्ये हे विरणे तीस सेकंदांचे करा, आणि स्वर पूर्ण संपण्यापूर्वी तुमच्या रात्रीच्या मुद्रणातले रातकिडे हलकेच वर आणा. रातकिड्यांचा आवाज बहुतांशी चार ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे जिथे टेपची सरसर कानाला जास्त टोचते तिथेच. त्यामुळे सरसर त्यांच्यात मिसळून जाते आणि ऐकणाऱ्याला ती ओलिताच्या रात्रीची वाटते. तुमच्या संगीतात हा आवाज मुळातच आहे, तेव्हा ही जोडणी उपरी वाटणार नाही.

डॉल्बी बी वापरावे का, असेही तुम्ही विचारले आहे. वापरू नका. त्याने वरच्या पट्टीतली सरसर दहा डेसिबलपर्यंत कमी होते, पण कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रातही डॉल्बी असेल तरच. तुमच्या प्रती घेणाऱ्यांपैकी अनेकांकडे घरातला जुना टेपरेकॉर्डर असेल. त्यावर डॉल्बीची कॅसेट उगाच चरचरीत वाजते आणि संथ स्वरांची पातळी खालीवर होत असल्याचा भास होतो. मास्टर करताना ‘कॉम्प्रेस’ करून, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करून, आवाज फुगवण्याचा मोहही टाळा. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्यांचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या सरासरी पातळीचे माप) आसपास आणून ठेवतात, तिथे फुगवण्याचा फायदा होत नाही. टेपवर तर त्याने तार स्वर दबून फाटतात.

तुम्ही ठरवलेल्या क्रमाने पहिली बाजू सव्वीस मिनिटांची आणि दुसरी अठरा मिनिटांची होते. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या शेवटी आठ मिनिटे रिकामी टेप फिरत राहील. चौथी रचना चार मिनिटांची आहे. ती दुसऱ्या बाजूच्या आरंभी न्या. दोन्ही बाजू बावीस मिनिटांच्या होतील आणि सी-४६ टेपवर (आकडा दोन्ही बाजूंच्या एकूण मिनिटांचा) एकेका मिनिटाची मोकळीक ठेवून नेमक्या बसतील. सी-९० स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नका. सी-६० किंवा सी-४६ ची टेप सुमारे १८ मायक्रॉन जाडीची असते, सी-९० ची सुमारे १२. टेप जेवढी पातळ तेवढा गुंडाळीतल्या एका थरावरचा स्वर शेजारच्या थरावर उमटण्याचा दोष वाढतो. संथ संगीतात हा दोष लगेच कळतो. शांततेतून पहिला स्वर उमटण्याच्या क्षणभर आधी त्याच स्वराची पुसट सावली ऐकू येते. उष्णतेने ती सावली आणखी गडद होते, आणि विदर्भात कॅसेट काढणाऱ्याला ही गोष्ट विसरून चालत नाही.

यंत्राविषयी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक छोट्या आवृत्त्या इथेच बिघडतात. तुमच्या रचनांमध्ये एकेक स्वर दहा-पंधरा सेकंद स्थिर राहतो. असा स्थिर स्वर डेकची थरथर जेवढी उघडी पाडतो तेवढी दुसरी कोणतीच गोष्ट पाडत नाही. ढोलकीच्या गाण्यात कोणाच्या लक्षात न येणारा सैल पट्टा इथे पहिल्याच मिनिटाला कळतो. वेग एक टक्का जरी वाढला तरी स्वर सतरा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाएवढा चढतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तो खटकतोच. जुन्या डेकचे पट्टे आणि टेप पुढे ओढणारा रबरी रोलर न बघता बदलून टाका. हेड आणि रोलरची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग ३१५० हर्ट्झचा स्थिर स्वर असलेली खात्रीची टेप लावून वेग जुळवा. शेवटी हेडचा कोन, ज्याला आम्ही अझिमथ म्हणतो, तो तपासा. हेडची फट टेपच्या चालीला काटकोनात नसेल तर तार स्वर बोथट होतात, आणि तुमच्या डेकवर चांगली वाजणारी प्रत दुसऱ्याच्या डेकवर गोधडीखालून आल्यासारखी वाजते. तो स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवायचा असतो.

विजेच्या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी भारनियमन चालू होते, म्हणून घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मी दोन रात्रींत अकरा प्रती काढल्या. तो इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा होता. त्याची बारीक भुणभुण मुद्रणात शिरली आणि रचनांच्या मधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येऊ लागली. त्या वेळी माझ्याकडे दोन हेडचा डेक होता, त्यामुळे मुद्रण चालू असताना टेपवर काय उतरते आहे ते मला ऐकू येत नव्हते. आठ प्रती पाठवून झाल्यावर पुण्याच्या एका श्रोत्याने दाखवून दिले तेव्हा मला कळले. आठही प्रती परत मागवल्या, नव्या काढून दिल्या आणि प्रत्येकाची स्वतः माफी मागितली. तेव्हापासून मी साइन लहरीचा इन्व्हर्टर वापरतो, डेक आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावतो आणि घराचे अर्थिंग दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासून घेतो. खेड्यातल्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग ५० हर्ट्झची घूं सुरू होते, हेही लक्षात ठेवा.

तुम्ही तीन हेडचा डेक घेतला हे फार बरे केले. त्यावर मुद्रण होत असतानाच तिसऱ्या हेडने टेपवर उतरलेला स्वर ऐकता येतो, त्यामुळे प्रत काढण्याचा वेळ आणि ती ऐकण्याचा वेळ एकच होतो. सेहेचाळीस मिनिटांच्या पन्नास प्रती म्हणजे २,३०० मिनिटे, अर्थात अडतीस तास वीस मिनिटे. रोज संध्याकाळी दोन प्रती काढल्या तर पंचवीस दिवस लागतात. शेताचे काम सांभाळून तेवढे जमते. शंभर प्रती म्हणजे पन्नास संध्याकाळी, आणि माझा अनुभव असा की तिसाव्या-पस्तिसाव्या संध्याकाळनंतर माणूस प्रत लावून उठून जातो. जी प्रत तुम्ही ऐकली नाही, ती तुमच्या आवृत्तीतली प्रत नाही असे मी मानतो. जलद गतीने एका वेळी अनेक कॅसेट भरणारी यंत्रे असतात, भाषणांसाठी ती चालतात, पण स्थिर स्वरांच्या संगीतासाठी मी ती वापरत नाही.

पन्नासांव्यतिरिक्त चार प्रती बिनक्रमांकाच्या काढा: दोन स्वतःच्या संग्रहासाठी, एक आजींसाठी आणि एक खराब झालेल्या प्रतीच्या बदल्यात देण्यासाठी. ही गोष्ट मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापा. ‘पन्नास क्रमांकित प्रती, चार बिनक्रमांकाच्या, या रूपात पुन्हा काढल्या जाणार नाहीत’ एवढे पुरे. ज्याने बारा क्रमांकाची प्रत घेतली त्याला तुमच्या शब्दाखेरीज दुसरा कोणताही पुरावा नसतो. पुढे मागणी आली म्हणून रंग बदलून आणखी पन्नास काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

मुखपृष्ठ तालुक्याच्या छापखान्यातच छापून घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे तीनशे जीएसएमचा चांगला जाड कागद असतो आणि घडीची रेघ मारायचे यंत्रही असते. उंची १०.१ सेंटिमीटर, समोरचा भाग ६.५, कणा सव्वा सेंटिमीटर आणि मागची पट्टी सुमारे दीड सेंटिमीटर अशी मापे कागदावर काढून त्याला द्या, आणि आधी एकच प्रत कापून डबीत घालून बघा. तुळशीच्या लग्नानंतर त्याला तुमच्यासाठी वेळ मिळणार नाही, म्हणून हे काम दिवाळीपूर्वी उरकून घ्या. रचनांची नावे, मुद्रणाची ठिकाणे आणि टेपचा प्रकार मराठीतच लिहा. परदेशातला श्रोता हवे तर विचारील.

आजींच्या ओव्यांविषयी तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण मला ते तेवढ्यावर सोडता येत नाही. ओवी परंपरेची असली तरी तुमच्या मुद्रणातले गाणे त्यांचे आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिलेला आहे. त्यांना पूर्ण रचना ऐकवा. त्यांच्या आवाजाभोवती तुम्ही जे स्वर लावले आहेत ते त्यांना पटतात का, ते विचारा. संमती मराठीत लिहून, वाचून दाखवून, त्यांच्या घरच्या एखाद्या माणसासमोर घ्या. नाव छापा आणि विक्रीतला वाटा आधी ठरवून द्या. त्यांना नको असेल तर ती रचना वगळा, सहा रचनांचीही आवृत्ती होते. आणखी एक गोष्ट, जमली तर पाहा. त्या रचनेतला तुमचा गांधार कीबोर्डाच्या समान पट्टीतला आहे, तो शुद्ध गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंट चढा असतो. आजी स्वाभाविक गांधार लावतात, त्यामुळे दोन्ही एकत्र येतात तिथे स्वर किंचित हेलकावतो. सॉफ्टवेअरमध्ये तेवढा एक स्वर उतरवून घेतलात तर त्यांचा आवाज तुमच्या स्वरांत अलगद बसेल.

इंटरनेटवर संगीत जरूर ठेवा. मर्यादा वस्तूला असावी, संगीताला नसावी, असे माझे मत आहे. कॅसेट न मिळालेल्या माणसाला रचनाही मिळू नयेत यात कोणाचेच भले नाही. संगीतकारांना स्वतःचे संगीत थेट विकता येते त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीत पंधरा टक्के आणि वस्तूंच्या विक्रीत दहा टक्के कंपनीकडे जातात. परदेशातले पैसे पेपॅलमधून येतात. पेपॅलने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत, म्हणून इथल्या श्रोत्यांकडून यूपीआयने पैसे घ्या आणि क्रमांक, नाव व तारीख यांची वही ठेवा. प्रत्येक कॅसेटबरोबर डाउनलोडचा कोड द्या, कारण अनेकांकडे वाजवायला यंत्र नसते. किंमत काढताना टेप, डबी, छपाई, वेष्टन, पट्टे-रोलर आणि आजींचा वाटा यांची बेरीज करून तिला पन्नासाने न भागता चाळीसाने भागा. दहा प्रती भेट, नमुने आणि टपालातल्या फुटीत जातातच. त्यावर तुमच्या पंचवीस संध्याकाळींचे काही तरी जोडा. संकोच करू नका.

डिसेंबर मी हवामानासाठी सुचवला आहे. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६ अंशांवर जातो, टपालाची बंद गाडी त्याहून तापते, आणि अशा प्रवासात टेपवरची ती सावली गडद होते व डबीही वाकू शकते. पावसाळ्यात कागद फुगतो आणि टेपला बुरशी धरते. नोव्हेंबरमध्ये प्रती काढा, प्रत्येक टेप पाठवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्या (त्याने थरांवरची सावली पुसट होते) आणि थंडीत पाठवा. ज्यांच्याकडे प्रत जाईल त्यांनाही याच कारणासाठी आत एक ओळ लिहून कळवा की, कॅसेट फार दिवस पडून असेल तर ऐकण्यापूर्वी ती एकदा फिरवून घ्यावी आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

पहिली प्रत निघाली की ती तुमच्या चांगल्या स्पीकरवर ऐकू नका. घरातला किंवा शेजारचा जुना टेपरेकॉर्डर रात्री अंगणात ठेवा आणि ज्या अंतरावर खाट असते तिथून ऐका. तिसऱ्या रचनेचा शेवट आणि ओव्यांच्या आधीची शांतता, या दोन जागा कागदावर टिपून ठेवा. मग तो कागद, ती प्रत आणि तुमचा डेक घेऊन दिवाळीपूर्वीच्या एखाद्या रविवारी हिंगणघाटला या. ३१५० हर्ट्झची टेप माझ्याकडे आहे आणि अझिमथ जुळवायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.